एकाच सहीचं पाकीट

आजच्या या निरोप समारंभाचे सन्माननीय अध्यक्ष आणि आपल्या पासपोर्ट कार्यालयाचे मोठे साहेब, व्यासपीठावर बसलेल्या छपाई विभागाच्या प्रमुख बाई, तपासणी विभागातले माझे जुने सोबती, समोर बसलेले सर्व सहकारी, मागच्या रांगांमध्ये अवघडून बसलेले यंदाच्या भरतीचे नवे कर्मचारी, आणि पहिल्या रांगेत बसलेली, चौतीस वर्षांत आज पहिल्यांदाच या इमारतीत पाऊल टाकणारी माझी पत्नी, आपणा सर्वांना माझा मनःपूर्वक नमस्कार.

चौतीस वर्षं मी या प्रतीक्षागृहाकडे काचेच्या आतून पाहिलं. खिडकी क्रमांक सात, पासपोर्ट वाटप. आज पहिल्यांदाच काचेच्या बाहेर उभा आहे, आणि इथून माझी खिडकी किती लहान दिसते हे मला आज कळलं. लोकांना आत बसलेल्या माणसाचं फक्त डोकं आणि दोन हात दिसत असणार. या खुर्च्याही मी कधी नीट पाहिल्या नव्हत्या. चार-चार एकत्र जोडलेल्या आहेत. तपासणीचे आपले सोबती आत्ता जरा सावरून बसले तर त्यांच्या रांगेतले चौघं डुलले. इतकी वर्षं लोक असे एकमेकांच्या धक्क्याने हलत बसले होते आणि आम्ही आतून ओरडत होतो, शांत बसा.

माझ्याविषयी आज इतकं चांगलं बोललं गेलं की मला वाटलं, हा गृहस्थ कोण, याला एकदा भेटायला हवं. छपाईच्या बाईंनी तर सांगितलं की यांच्या हातून चौतीस वर्षांत एकही पासपोर्ट चुकीच्या माणसाच्या हातात गेला नाही. बाई, आपले आभार. त्या वाक्याकडे मी जरा वेळाने येतो.

साहेबांनी काल मला बोलावून सांगितलं की काका, नुसत्या आठवणी सांगू नका, नवी मुलं आली आहेत, त्यांना पासपोर्टचा उद्देश आणि फायदे तुमच्या तोंडून ऐकवा. निवृत्तीच्या दिवशीसुद्धा काम लावणारा अधिकारी मिळायला भाग्य लागतं. तर मुलांनो, लिहून घ्यायची गरज नाही, ऐका.

पासपोर्ट कशासाठी? कोणालाही विचारा, उत्तर एकच, परदेशी जायला. कुणाला शिकायचं असतं, कुणाला नोकरी लागलेली असते, कुणाच्या भावाने तिकडे घर घेतलेलं असतं आणि ते बघून आल्याशिवाय वहिनीला झोप लागत नाही. याखेरीज आणखी एक फायदा. हा तुमच्या ओळखीचा पुरावा आहे. नाव, जन्मतारीख, सही आणि फोटो. फोटोबद्दल काय बोलावं? आपल्या फोटोवाल्याची ख्यातीच आहे की त्याच्यासमोर बसलेला सज्जन माणूसही फरार वाटावा. हसायचं नाही, मान तिरकी नको, कान दिसले पाहिजेत. त्यामुळे सोयरीक जमवायला हा फोटो कामाचा नाही, पण परक्या देशात तुमचं पाकीट मारलं गेलं, तुम्ही आजारी पडलात, तर आपल्या वकिलातीच्या दारात हाच फोटो तुम्हाला आत घेतो.

एक शिंपी दर दहा वर्षांनी नूतनीकरणाला यायचा. तीनदा आला. पुस्तिका कोरी करकरीत, आत एक शिक्का नाही. तिसऱ्या खेपेला मी विचारलं, अहो, जायचं तर नाही, मग हा खटाटोप कशाला? तो म्हणाला, "साहेब, जायचं नाहीच आहे. पण कपाटात आहे म्हटलं की मी दुकानात सुखाने बसतो. नसता तर मला वाटलं असतं, मला इथे बसवलंय." मी त्याच्यावर हसलो होतो. मला तेव्हा त्याचं म्हणणं कळलं नव्हतं.

आणि मुलांनो, सगळ्यात मोठा फायदा कोणी सांगत नाही. पासपोर्ट हा जाण्यासाठी लागतो त्याहून जास्त परत येण्यासाठी लागतो. जायला परक्यांची परवानगी लागते. परत येणं हा मात्र तुमचा हक्क आहे, आपल्या दारात आलेल्या आपल्या माणसाला कोणी अडवू शकत नाही. पहिल्या पानावर काय छापलेलं असतं? धारकास विनाअडथळा जाऊ द्यावे आणि गरज पडल्यास साहाय्य व संरक्षण द्यावे. आणि शेवटच्या पानावर? ही पुस्तिका सरकारची मालमत्ता आहे, धारकाखेरीज कोणी ती अडवून ठेवू नये. ही दोन्ही पानं मला झोपेतून उठवून विचारलीत तरी पाठ आहेत. पाठ असून उपयोग काय, असं कोणी विचारलं तर मात्र मी गप्प बसेन.

साहेब, आपण मघाशी कुटुंब-पाकीट योजनेचा उल्लेख केलात. या एका माणसाने हजारो लोकांचे तास वाचवले, असं म्हणालात. टाळ्या झाल्या. मी त्या वेळी खाली बघत होतो, ते विनयाने नव्हे. मला या विषयावर आज बोलायचं नव्हतं. घरून निघताना मी हिला तसा शब्दही दिला होता. पण आपण तो विषय काढलात, नव्या मुलांनी टाळ्या वाजवल्या, आणि उद्यापासून हीच मुलं ती पाकिटं वाटणार आहेत. तेव्हा पाच मिनिटं जास्त घेतो. चहा निवला तर दोष माझा.

नव्यांना माहिती नसेल. अकरा वर्षांपूर्वीपर्यंत पासपोर्ट ज्याचा त्याने येऊन न्यायचा अशी रीत होती. घरात पाच माणसं असतील तर पाचही जण रांगेत. म्हाताऱ्या माणसांचे पाय सुजायचे, पोरं रडायची, रांग फाटकाबाहेर जायची. मी सुचवलं की एका घरच्या सगळ्या पुस्तिका एका खाकी पाकिटात घालाव्यात, कुटुंबप्रमुखाने यावं, एक सही करावी आणि सगळ्यांच्या घेऊन जाव्यात. महिनाभरात रांग निम्मी झाली. मला प्रशस्तिपत्र मिळालं. ते आमच्या बैठकीत लावलेलं आहे, म्हणजे गेल्या वर्षापर्यंत लावलेलं होतं.

अकरा वर्षं ती पाकिटं मी दिली. कुटुंबप्रमुख या रकान्यात सही कोणाची असायची? नवऱ्याची, बापाची, मोठ्या भावाची. बायका यायच्या, नाही असं नाही. त्या मागे उभ्या असायच्या, पिशवी सांभाळत. एकदा एक बाई नवऱ्याच्या खांद्यावरून वाकून म्हणाली, "माझा बघू का जरा? फोटो कसा आलाय?" नवरा म्हणाला, "घरी गेल्यावर बघ, इथे गर्दी आहे." आणि पाकीट खिशात घातलं. मी आत बसून हसलो. म्हटलं, फोटो बघून पस्तावाल बाई. आता ती बाई मला वरचेवर आठवते. घरी गेल्यावर तिला बघायला मिळाला का, कोण जाणे.

आता घरचं सांगतो. आम्हाला एकच मुलगी. घरात तिला सगळे बडबडी म्हणायचे. शाळेतून आली की दप्तर पाठीवर तसंच आणि तोंड चालू. मी जेवताना, मी वर्तमानपत्र वाचताना, मी दाढी करताना बोलतेच आहे. कधी कधी मी वैतागून म्हणायचो, अगं, श्वास तरी घे. तिचा पहिला पासपोर्ट मी एका दिवसात करून आणला होता. नियमाने, बरं का, रांग मोडून नाही. फक्त प्रत्येक टेबलाशी मी स्वतः उभा राहिलो. ती तेव्हा सतरा वर्षांची होती आणि कुठेही जाणार नव्हती. तो हातात घेऊन ती म्हणाली, बाबा, यात माझी उंची चुकीची लिहिली असती तर मी वाढले असते का? असले तिचे प्रश्न.

तिचं लग्न ठरलं पाच वर्षांपूर्वी. मुलगा परदेशात नोकरीला. शिकलेला, शांत, निर्व्यसनी. पहिल्यांदा आमच्या घरी आला तेव्हा त्याने आपले सगळे दाखले एका फाइलमध्ये क्रमाने लावून आणले होते, प्रत्येकाची छायाप्रत मागे, वरती यादी. मी भारावून गेलो. ही स्वयंपाकघरात येऊन मला म्हणाली, "कागदांचं कौतुक पुरे, जरा त्याच्याशी बोला." मी म्हटलं, ज्याचे कागद नीट त्याचं सगळं नीट. माणूस पारखायला बसलो होतो आणि पारखला तो अर्जदार. सवयीचा गुलाम म्हणतात तो हा.

निघायच्या दिवशी बैठकीत सगळे जमले होते. मी कार्यालयातून एक खाकी पाकीट आणलं होतं. त्यात दोघांचे पासपोर्ट घातले, वर सुवाच्य अक्षरात लिहिलं, कुटुंब-पाकीट, नग दोन. मुलीने हात पुढे केला. म्हणाली, "बाबा, माझा माझ्याकडे द्या." मी म्हटलं, "तू? तू वर्षाला तीन छत्र्या हरवतेस." सगळे हसले. तीही हसली. मी पाकीट जावईबापूंच्या हातात दिलं आणि म्हटलं, कागद नेहमी एका माणसाच्या ताब्यात असावेत, एका कुलपात. हा माझा इतक्या वर्षांचा अनुभव समजा. आणि गंमत म्हणून माझ्या रोजनिशीत त्यांची सही घेतली. दोन पुस्तिका मिळाल्या, खाली तारीख. ती सही अजून माझ्याकडे आहे. मुलीची सही कुठेच नाही.

बाई, आपण म्हणालात की माझ्या हातून एकही पासपोर्ट चुकीच्या माणसाकडे गेला नाही. एक गेला.

गेल्या वर्षी हिच्या पोटाचं ऑपरेशन झालं. मोठं होतं. डॉक्टरांनी घरच्यांना बोलावून घ्या असं सांगितलं होतं. आम्ही मुलीला फोन केला. ती म्हणाली, जमत नाही. का, तर काम आहे. पुन्हा केला, तर म्हणाली, बाळ लहान आहे. तिला एक मुलगा आहे, तेव्हा तो वर्षाचा होता. ही रुग्णालयातून घरी आली, टाके निघाले, तरी मुलीचा पत्ता नाही. आम्ही तिच्यावर रागावलो. मी तिला नाही नाही ते बोललो. परदेशाचं वारं लागलं, आई जड झाली, असं सगळं. हिने तर दोन महिने फोनवर बोलणं टाकलं. मुलगी ऐकून घ्यायची. म्हणायची, "हो बाबा." आमची बडबडी, जी श्वास घेत नव्हती, ती आता दोन शब्द बोलायची. मला वाटलं, अपराधी वाटत असेल.

एकदा ती म्हणाली की पासपोर्टची मुदत संपत आलीय म्हणून येता येत नाही. आता हे तिने कोणाला सांगावं? तिच्या पासपोर्टचा क्रमांक मला तोंडपाठ आहे. मी म्हटलं, मुदत संपायला अजून चार वर्षं आहेत, खोटं का बोलतेस?  मग म्हणाली, "तो कपाटात आहे, बाबा. किल्ली त्यांच्याकडे असते."

मी म्हटलं, मग माग.

म्हणाली, "मागितली."

एवढंच. पुढे तिने दुसरंच काही विचारलं, माझ्या गुडघ्याचं वगैरे.

मुलांनो, आता तुमची परीक्षा घेतो. तुम्ही महिनाभर नियम शिकताय. अशा बाईला तुम्ही काय सांगाल? पासपोर्ट हरवल्याची तक्रार दे, नवा मिळेल. पण तो हरवलेला नाही. तो शेजारच्या खोलीत आहे. खोटी तक्रार म्हणजे गुन्हा, आणि हे तिला लहानपणापासून मीच शिकवलंय. मग वकिलातीत जा, तात्पुरता परतीचा कागद मिळेल. मिळेल, खरंच मिळेल, मी चौकशी केली आहे. तिच्या एकटीसाठी मिळेल. मुलाचं काय? त्याची पुस्तिका त्याच कपाटात आहे, आणि अल्पवयीन मुलाच्या कागदाला आईबाप दोघांची सही लागते. दोघांची. या नियमावर तुम्ही बोट ठेवू शकता का? नाही. नियम बरोबर आहे. उद्या कोणी बाप मूल पळवून नेईल, कोणी आई नेईल, म्हणून तो आहे.

मग पोलिसांकडे जा. हेही मी तिला सांगून पाहिलं. ती म्हणाली, "काय सांगू त्यांना? ते हात उगारत नाहीत. आवाज चढवत नाहीत. दाराला कुलूप नसतं, मी बाजारात जाते, बागेत जाते. फक्त किल्ली देत नाहीत. याचा गुन्हा कुठल्या कलमात बसतो, तुम्हीच सांगा बाबा."  कलम आहे, मला ठाऊकही आहे, पण त्या कलमानंतर त्या घरात तिला आणि पोराला राहायचं आहे. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, तसं झालंय.

तुम्ही म्हणाल, मग आईबापांनी जावं. जायला तिकडच्या घराच्या कर्त्याचं, म्हणजे जावईबापूंचं, निमंत्रणपत्र लागतं. दोनदा मागितलं. घर लहान आहे, पुढच्या वर्षी बघू, असं गोड उत्तर आलं.

याच खिडकीतली एक आठवण सांगतो. पूर्वी काही महिने मी अर्ज स्वीकारायलाही बसत होतो. एक बाई तान्ह्या मुलाचा अर्ज घेऊन आली. वडिलांची सही नव्हती. मी परत पाठवलं. पुन्हा आली, सही नव्हती. तिसऱ्यांदा आली तेव्हा मी जरा चढ्या आवाजात म्हटलं, बाई, नियम माहीत असूनही का येता? ती म्हणाली, "नियम तुमचा आहे, मूल माझं आहे." चौथ्यांदा ती आली नाही. मी त्या दिवशी चहाच्या वेळी सगळ्यांना तिचं वाक्य सांगितलं होतं, लोक कसे उद्धट असतात म्हणून. तपासणीचे सोबती साक्षीला आहेत, त्यांनीही मान हलवली होती. आजही ती आली तर मला तिला परतच पाठवावं लागेल. पण मी तिला बसायला खुर्ची देईन. तेवढंच माझ्या हातात आहे.

शेवटी मी जावईबापूंना फोन केला. मुलीच्या बापाने जसा करावा तसाच, आधी त्यांची तब्येत विचारली, हवापाणी विचारलं, नातवाचे दात विचारले. मग म्हटलं, तिचा पासपोर्ट तिच्याकडे असू द्यावा असं मला वाटतं. ते अगदी आदराने म्हणाले, "बाबा, तुम्हीच तर सांगितलं होतं. कागद एका माणसाच्या ताब्यात, एका कुलपात. सगळं सुरक्षित आहे, तुम्ही काळजी करू नका."

 माझेच दात, माझेच ओठ. मी म्हटलं, बरं. आणि फोन ठेवला. मग भिंतीवरचं ते प्रशस्तिपत्र काढून पलंगाखाली ठेवलं. 

तीन महिन्यांपूर्वी मी कार्यालयात एक टिपण दिलं, की कुटुंब-पाकीट बंद करावं, ज्याचा पासपोर्ट त्याच्याच हातात द्यावा, ज्याला आजारपणामुळे येता येत नाही त्याच्या घरी आपला माणूस पाठवावा. त्यावर शेरा आला, योजना लोकप्रिय आहे, बदलाची आवश्यकता दिसत नाही. शेऱ्याखालची सही माझ्या उजव्या हाताला बसलेल्या आपल्या अध्यक्षांची आहे. साहेब, मी हे तक्रार म्हणून सांगत नाही. मी तुमच्या खुर्चीत असतो तर तोच शेरा लिहिला असता. खिडकीतून बघणाऱ्याला लांब रांग दिसते, पाकीट घरी गेल्यावर काय होतं ते दिसत नाही. पण मुलांनो, तुम्हाला टिपण लागत नाही. घरचा कर्ता पाकीट घ्यायला आला आणि मागे कोणी पिशवी घेऊन उभं असेल, तर पाकीट उघडा, तिचं नाव पुकारा आणि तिला पुढे बोलवा. वेळ लागेल. रांग लांबेल. लोक कुरकुरतील. मोठे साहेब ओरडतील, ते माझ्या नावावर...

काय म्हणालीस? जरा थांबा, मंडळी. आमच्या घरून काहीतरी सूचना आहे.

मंडळी, आपण सर्वांनी ऐकलंच असेल, पण मागच्या रांगांसाठी सांगतो. पुष्पगुच्छ देताना मुलीला बघता यावं म्हणून हिने मोबाइलवरून फोन लावला होता. मला वाटलं, तो तेव्हाच बंद केला. मी तसं विचारलंही होतं आणि हिने मान हलवली होती. फोन चालू आहे. सुरुवातीपासून चालू आहे. तिकडे आज सुट्टीचा दिवस आहे आणि सकाळचा चहा चालू असावा. दोघंही समोर बसून ऐकत आहेत.

मी हिला विचारतोय, अगं, असं का केलंस? आणि ही म्हणतेय, "मी मुद्दामच ठेवला. दोन महिने मी तिच्याशी बोलले नव्हते. आता तुम्ही बोला. थांबू नका."

साहेब, मला थोडं पाणी मिळेल का? आभारी आहे.

मी चूक केली की काय, मला कळत नाही. घरातली गोष्ट चव्हाट्यावर आणली आणि त्याची झळ मला नाही, तिला लागणार आहे. हे मी तोंड उघडण्याआधी समजायला हवं होतं. पण आता सुटलेला शब्द परत घेता येत नाही. तेव्हा जावईबापू, आपण ऐकताच आहात तर दोन शब्द थेट आपल्याशी बोलतो. इथे बसलेले माझे सहकारी ऐकत आहेत, त्याचं वाईट वाटून घेऊ नका. यांच्यातल्या प्रत्येकाने ती पाकिटं भरली आहेत, आम्ही सगळे एकाच माळेचे मणी.

मी आपल्याला दोष देत नाही. मी आपल्याला एक चुकीची वस्तू दिली, ती परत मागतोय. मला नको, तिला द्या. ती इकडे निघून येईल अशी भीती आपल्याला वाटत असेल. ती येणार नाही. मुलाला सोडून ती उंबऱ्याबाहेर पाय टाकणार नाही, हे तुम्हाला माहीत आहे, मला माहीत आहे, आणि दुर्दैवाने तिलाही माहीत आहे. तेव्हा आपलं काहीच जात नाही. ती तिथेच राहील. स्वयंपाकघराच्या कुठल्यातरी खणात ती पुस्तिका पडून राहील. पण मग ती राहिलेली असेल. आत्ता ती ठेवलेली आहे. चौतीस वर्षं हे काम करून पासपोर्टचा फायदा काय, याचं माझ्याजवळ एवढंच उत्तर आहे, आणि ते मी आज उभ्याउभ्या शिकलो. हात जोडून विनंती करतो. मुलीच्या बापाजवळ दुसरं काही नसतं, मी तर उद्यापासून या खिडकीतही नसेन.

काय करताहेत ते? दिसतंय का तुला?

ही म्हणते, ते उठून गेले. कपाट ज्या खोलीत आहे तिकडे गेले की बाहेर गेले, ते फोनमध्ये दिसत नाही. मुलगी आहे. मुलगा मांडीवर आहे. ती काही बोलत नाही.

मंडळी, मला अजून कितीतरी आभार मानायचे होते. शिपाई मंडळींनी चौतीस वर्षं माझं कपाट पुसलं. फोटोवाल्याने माझ्या मुलीचा फोटो त्यातल्या त्यात बरा काढला. छपाईच्या बाईंनी कधी एक अक्षर वाकडं छापलं नाही. साहेबांनी आज मला पाच मिनिटांऐवजी अर्धा तास दिला आणि घड्याळाकडे एकदाही पाहिलं नाही. आपणा सर्वांचं ऋण मोठं आहे, मी त्यात राहणंच पसंत करीन. बोलण्याच्या ओघात काही कमीजास्त झालं असेल, कोणाचं मन दुखावलं असेल, तर या सभेने मोठ्या मनाने पोटात घालावं. आपण ते घालाल, माझी खात्री आहे, कारण आपण मला चौतीस वर्षं ओळखता आणि आता चहाची वेळ झाली आहे.

पण बाळा, तू अजून ऐकते आहेस, म्हणून सांगतो. ही माफी मी रिवाज म्हणून मागतोय, ती यांची. तुझी वेगळी आहे. आईच्या आजारपणात मी तुला जे जे बोललो, ते सगळं तू ऐकून घेतलंस आणि एकदाही म्हणाली नाहीस की बाबा, पाकीट तुम्हीच दिलं होतं. ते आज तरी म्हण. इथे सगळ्यांसमोर म्हण. मी हा माइक फोनजवळ धरतो. आम्ही सगळे बसलो आहोत, कोणालाही घाई नाही, तू बोल.